वाऱ्याचा वाटा कोणाला?

शहरात नवी इमारत उभी राहायची म्हटली की पाणी, सांडपाणी, पार्किंग, अग्निशमन दलाची गाडी आत येण्याची वाट, या सगळ्याचा हिशेब कागदावर द्यावा लागतो. त्या इमारतीमुळे शेजारच्या गल्लीतला वारा कुठे वळेल आणि रस्त्यावरचा धूर कोणाच्या घरात शिरेल, हा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही. तो आता मांडता येतो. हवेच्या प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवून, पहिली वीट बसण्याआधीच, इमारतींमधला वारा आणि त्याच्याबरोबर वाहणारं प्रदूषण पाहता येतं. या तंत्राला नगररचनेत किती वजन द्यायचं, यावर दोन प्रामाणिक बाजू आहेत. त्या समोरासमोर याव्यात म्हणून हा संवाद रचला आहे. मामा नगररचनेच्या कामातून निवृत्त झालेले, भाची अशी मॉडेलं करणारी अभियंता. दोघंही मुंबईचे.

भाची : मामा, मुंबईला वाऱ्याची जाण आधीपासून होती, असं तुम्ही नेहमी म्हणता.

मामा : होतीच. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राची हवा खेळावी म्हणून ट्रस्टने पश्चिमेकडून आत जाणारे रुंद रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड. खारे वारे कुठून येतात हे माहीत होतं, तेवढ्यावर रस्त्याची दिशा ठरली. आणि इमारतींसाठी होता साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. समोरच्या मोकळ्या जागेच्या कडेपासून ६३.५ अंशांची तिरपी रेघ ओढायची, इमारतीने ती ओलांडायची नाही. सोप्या भाषेत, उंची मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. नकाशा आणि कोनमापक हातात असलेला कोणीही हे पडताळू शकत होता, बिल्डरही आणि चाळीतला भाडेकरूही. नियमाची ताकद यातच असते.

भाची : त्या रस्त्यांसाठी ज्यांची घरं पाडली, त्यांच्या वाट्याला ती हवा आली नाही, हेही त्याच इतिहासात आहे. पण तो मुद्दा नंतर घेऊ. आधी नियमाचं बघू. साडेत्रेसष्ट अंश हा उजेडाचा हिशेब आहे, हवेचा हिशेब निराळा आहे. कॅनडातले हवामानशास्त्रज्ञ टिमोथी ओक यांनी १९८८ मध्ये रस्त्याच्या रुंदीवरून आणि दुतर्फा इमारतींच्या उंचीवरून वाऱ्याचं वर्गीकरण मांडलं. रस्त्याला आडवा वारा असताना उंची रुंदीच्या साधारण ०.७ पटीच्या पुढे गेली, की मुख्य वारा रस्त्यात उतरत नाही. तो छपरांवरून निघून जातो आणि खाली रस्त्यात एक भोवरा फिरत राहतो. तुमच्या नियमात तर दुप्पट उंची चालते.

मामा : भोवरा फिरतो म्हणजे हवा हलतेच आहे ना?

भाची : हलते, पण तीच ती. उत्तर-दक्षिण जाणारा एक रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली सलग इमारती आहेत आणि पश्चिमेकडून वारा आहे. छपरावरून आलेला वारा पूर्वेच्या इमारतीला अडतो, तिच्या भिंतीवरून थोडा खाली उतरतो, रस्त्याला टेकतो आणि मग उलटा, पश्चिमेकडे वाहतो. जाताना बसचा, रिक्षांचा, सिग्नलला थांबलेल्या टेम्पोचा धूर गोळा करून पश्चिमेच्या इमारतीच्या पायथ्याशी नेतो आणि तिच्या भिंतीवरून वर चढवतो. म्हणजे समुद्र जिच्या पाठीशी आहे, त्याच इमारतीच्या रस्त्याकडच्या खिडक्यांना जास्त धूर. समोरच्यांना त्या मानाने स्वच्छ हवा. रस्ता एक, वाहनं तीच, तरी दोन फुटपाथांवर प्रदूषण वेगळं. उंची रुंदीच्या दुपटीच्या आसपास गेली की एकावर एक दोन भोवरे होऊ शकतात, आणि खालचा अगदी मंद असतो. कोनमापकाला यातलं काही दिसत नाही.

मामा : मग मोज की! त्या रस्त्यावर यंत्र लावावं, आकडा समोर येईल. मोजलेल्यावर माझा विश्वास आहे. पडद्यावरच्या निळ्या-तांबड्या चित्रावर नाही.

भाची : कुठल्या फुटपाथवर लावायचं? पूर्वेच्या बाजूला लावलं तर रस्ता चांगला ठरेल, पश्चिमेला लावलं तर वाईट. यंत्र कुठे लावायचं हे ठरवायलासुद्धा वारा समजून घ्यावा लागतो. शिवाय जी इमारत अजून उभीच नाही, तिच्यामुळे काय होईल हे मोजणार कसं? आणि उभी राहिल्यावर मोजलं तर ती पाडणार कोण?

मामा : हा मुद्दा मान्य. उभी राहिलेली इमारत वाऱ्यासाठी कोणी पाडत नाही. पण हवामान खात्याकडे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेकडे, म्हणजे आयआयटीएमकडे, मॉडेलं आहेत ना? दिल्लीत उद्या हवा किती खराब असेल ते सांगतात.

भाची : सांगतात आणि चांगलं सांगतात. आयआयटीएमची दिल्लीसाठीची पूर्वसूचना यंत्रणा २०१८ पासून चालू आहे आणि तिची बारीक जाळी ४०० मीटरची आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशासाठी ही जाळी फार बारीक म्हणायची. पण ४०० मीटरच्या एका चौकोनात आख्खी वाडी मावते. त्यात गल्ली नाही, टॉवरखालचा पार्किंगचा पोडियम नाही, उड्डाणपूल नाही. गल्लीचं चित्र हवं तर एक-दोन मीटरचे घन लागतात. एक चौरस किलोमीटर वस्ती आणि तिच्यावरची ३०० मीटर हवा दोन मीटरच्या घनांत कापली की पावणेचार कोटी घन होतात. प्रत्येक घनात वाऱ्याच्या तीन दिशांचा वेग, दाब, तापमान आणि प्रदूषणाचं प्रमाण क्षणाक्षणाला सोडवायचं. एक मीटरचे घन केले तर संख्या आठपट होते आणि काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणजे काम सुमारे सोळापट.

मामा : एवढा खटाटोप करून येणारं उत्तर किती खरं? तुमच्याच शास्त्रातली कसोटी मी वाचली आहे. चँग आणि हॅना यांनी २००४ मध्ये सुचवलेली. मॉडेलने दिलेल्या आकड्यांपैकी निदान निम्मे, प्रत्यक्ष मोजमापाच्या निमपट ते दुप्पट या पट्ट्यात आले तर मॉडेल चांगलं. शहरी वस्तीसाठी तर ही अट नंतर आणखी सैल केली, ३० टक्के आकडे त्या पट्ट्यात आले तरी चालेल म्हणून. इतक्या सैल आकड्यावर मी परवानगीची सही कशी करायची?

भाची : त्या एकट्या आकड्यावर करूच नका. पण मॉडेलं कशावर ताडून पाहतात तेही पाहा. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात जहाजावर चढवतात तसे १२० कंटेनर ओळीने मांडून एक कृत्रिम वस्ती केली. तिच्यात वायू सोडला आणि तो कुठे किती पोचतो ते मोजलं. २००३ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या भर वस्तीत तसाच प्रयोग झाला. अशा प्रयोगांशी मॉडेलं ताडून पाहिली आणि त्यांच्या चुका उघडपणे मांडल्या. एका ठरावीक कोपऱ्यावर ठरावीक वेळी किती मायक्रोग्रॅम, हे सांगताना मॉडेल चुकतं. पण दोन आराखडे शेजारी ठेवले आणि जाळी, वारा, वाहनं तीच ठेवली, तर बऱ्याचशा चुका दोन्हीकडे सारख्या येतात. मग कोणत्या आराखड्यात शाळेच्या फाटकाशी धूर जास्त साचतो, हे बरंच भरवशाने सांगता येतं. नगररचनेला तेच हवं असतं.

मामा : वारा चांगला वाहत असेल तेव्हा सांगता येत असेल. मुंबईचा त्रास केव्हा असतो? डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. जमीन निवलेली, मतलई वारा जेमतेम, जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार थर. धूर वर जातच नाही. दादरहून वरळीकडे पाहिलं तर इमारती करड्या दिसतात. त्या वेळी तुझं मॉडेल काय सांगतं?

भाची : सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. वारा सेकंदाला एक मीटरच्या खाली गेला की त्याची दिशा टिकत नाही. तेव्हा हवा हलते ती भिंतींच्या उबेने आणि धावणाऱ्या गाड्यांमुळे. वाऱ्याच्या खळबळीची सरासरी काढणारी स्वस्त पद्धत तिथे कमी पडते. मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणारी पद्धत, लार्ज एडी सिम्युलेशन, बरंच बरं काम करते. पण ती खूप महाग आहे आणि तिला भिंतींचं तापमान, रस्त्याची ऊब असा तपशील पुरवावा लागतो.

मामा : म्हणजे ज्या पहाटे लोक खोकतात, त्या पहाटेचं चित्र काढायचं तर खर्च सर्वांत जास्त. आणि सल्लागाराने वर्षभराचा सरासरी वारा घेतला, तर ती पहाट चित्रातून गायबच होते. अहवाल सुंदर, निष्कर्ष अनुकूल. कोणी खोटं बोललं असंही नाही. फक्त अवघड दिवस वगळला.

भाची : म्हणून तो दिवस घेणं सक्तीचं करा, असं मी म्हणते. मॉडेल नाकारण्याचं ते कारण होत नाही.

मामा : माझा मूळ आक्षेप याहून मोठा आहे. प्रदूषण पसरवणं म्हणजे ते कमी करणं नव्हे. इंग्लंडने १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर कायदे केले, वीजकेंद्रांना उंच उंच चिमण्या लावल्या. लंडनची हवा सुधारली आणि गंधक स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांत जाऊन पडलं. तू वारा खेळता करशील, इथला धूर पुढच्या वस्तीत जाईल. पुढची वस्ती कोणाची असते, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. आधी धूर थांबवा. बांधकामाची धूळ, लाकडाच्या भट्ट्या, कचऱ्याला लागणाऱ्या आगी. त्यासाठी समीकरणं लागत नाहीत.

भाची : धूर थांबवणं पहिलं, यात माझा वाद नाही. पण कोणाचा धूर आधी थांबवायचा? एका शाळेच्या आसपास काँक्रीट मिक्सिंगचा प्लँट आहे, एक बेकरी आहे, बसडेपो आहे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शाळेच्या खिडकीत आलेल्या प्रदूषणात कोणाचा वाटा किती, हे शोधायचा एक मार्ग म्हणजे तेच मॉडेल. प्रत्येक ठिकाणच्या धुराला वेगळी खूण देऊन सोडायचं आणि खिडकीत काय काय पोचतं ते पाहायचं. तुम्ही म्हणता तो पुढच्या वस्तीवरचा अन्यायही याच हिशेबात पकडता येतो, पण हद्द मोठी ठेवली तर. युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांत वारा जिकडे निघून जातो त्या बाजूला सर्वांत उंच इमारतीच्या पंधरापट अंतर मॉडेलमध्ये घ्यायला सांगितलं आहे. हा आकडा गणित नीट सुटावं म्हणून आहे. आपण म्हणू, तिथे राहणाऱ्या माणसांचाही हिशेब द्या.

मामा : आणि साधे उपाय? झाडं लावा म्हणायला तरी मॉडेल नको.

भाची : तिथे तर हवंच. जर्मनीत कार्ल्सरूहच्या विंड टनेलमध्ये अरुंद रस्त्यांवर झाडं लावून प्रयोग झाले. दुतर्फा उंच इमारती आणि मध्ये दाट छत्र्यांची झाडं असली, तर तो भोवरा आणखी मंदावतो आणि ज्या भिंतीशी धूर साचतो तिथे तो आणखी वाढतो. झाडं वाईट असा याचा अर्थ नाही. सावली हवी, गारवा हवा. पण कुठल्या रस्त्यावर पसरट छत्रीचं झाड आणि कुठल्यावर नुसतं बुटकं कुंपण, हे जागा बघून ठरवायला हवं. चांगल्या हेतूने लावलेलं झाड एखाद्याच्या खिडकीशी धूर कोंडू शकतं, हे सहज सुचत नाही.

मामा : हे मला नवीन आहे. पण कुठल्या शहराने हे सगळं प्रत्यक्ष नियमात आणलं आहे का? की सगळं शोधनिबंधांतच?

भाची : हाँगकाँगने आणलं आहे, आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली. २००३ मध्ये सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. पुढच्या वर्षी संशोधकांनी संगणकीय मॉडेल करून दाखवलं की एका इमारतीच्या मधल्या अरुंद पोकळीतून दूषित हवा वर चढली आणि मग वाऱ्याने ती शेजारच्या इमारतींकडे नेली. कोणत्या घरांत लागण झाली याच्याशी ते चित्र जुळलं. त्या साथीनंतर शहराची हवा खेळती ठेवण्याचा विषय ऐरणीवर आला आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी सुरू झाली. इमारतींच्या खूप वर, अडथळ्याविना वाहणारा वारा सेकंदाला इतका असताना फुटपाथवर त्याचा किती हिस्सा पोचतो, हे त्यात तपासतात. समुद्राकाठी भिंतीसारख्या उभ्या केलेल्या इमारती आणि जमिनीलगतची सगळी जागा व्यापणारे पोडियम, यांचं काय होतं हे तिथे लोकांच्या चर्चेत आलं.

मामा : पोडियम तर आता आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत. पार्किंगचे पाच-सहा मजले, वर बाग, खाली फुटपाथला सलग भिंत. टॉवर सडपातळ आहे म्हणून नकाशात मोकळं दिसतं. माणूस चालतो तिथे मात्र वारा बंद. यात तुझी बाजू मला पटते. आमचा नियम एक भूखंड बघतो. वारा आख्खी वस्ती बघतो. दहा भूखंडांवर दहा इमारती, प्रत्येक नियमात बसणारी, आणि दहांची मिळून एक भिंत. ही भिंत कोणीच मंजूर केलेली नसते.

भाची : मला एवढंच म्हणायचं होतं.

मामा : थांब, माझं संपलं नाही. गोवंडी-मानखुर्दचं काय? लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. पुनर्वसनाच्या इमारती, सात-आठ मजली, आणि काही ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. उंची अंतराच्या सातपट! खालच्या मजल्यावर दिवसा दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी तिथला अभ्यास केला. त्याच भागातल्या जास्त मोकळ्या पीएमजी वसाहतीच्या तुलनेत या दोन ठिकाणी क्षयरोगाचं प्रमाण जास्त निघालं. उजेड आणि हवा जिथे कमी, तिथे आजार जास्त. हे कळायला सुपरकॉम्प्युटर हवा होता का? तीन मीटरच्या फटीत उभं राहून वर बघ, सगळं कळतं.

भाची : कळतं, मामा. पण कळूनही त्या इमारती बांधल्या गेल्या ना? कारण सवलत देताना "थोडं अंतर कमी केलं तर काय बिघडलं" या प्रश्नाचं उत्तर टेबलावर नव्हतं. तीन मीटर ठेवले तर तळमजल्याच्या घरात तासाला हवा किती वेळा बदलेल, सहा ठेवले तर किती, नऊ ठेवले तर किती, हे तीन आकडे फाइलला लागलेले असते, तर सवलतीवर सही करणाऱ्याला ते नजरेआड करता आले नसते. त्या अभ्यासातसुद्धा उजेड आणि हवा संगणकावर तपासली होती. फरक एवढाच की तोवर लोक तिथे राहायला गेले होते.

मामा : आणि मी सांगू, ते आकडे टेबलावर असते तर काय झालं असतं? दुसऱ्या सल्लागाराकडून दुसरे आकडे आले असते. तीन मीटर पुरतात असे. कोणता वारा घेतला, खिडक्या किती उघड्या धरल्या, जाळी किती जाड ठेवली, हे बदललं की उत्तर बदलतं. नियम वाकवता येत नाही म्हणून तो मोडावा लागतो, आणि मोडलेला दिसतो. मॉडेल मात्र कोणाला न दिसता वाकतं.

भाची : म्हणून ते झाकलेलं नसावं. माझ्या अटी ऐका. मॉडेलमध्ये भरलेली सगळी माहिती, इमारतींची उंची, वाऱ्याच्या नोंदी, वाहनांचे आकडे, लोकांना खुली असावी, म्हणजे कोणत्याही महाविद्यालयातला विद्यार्थी तेच गणित पुन्हा करून बघू शकेल. बिल्डरने नेमलेल्या सल्लागाराऐवजी महापालिकेने आख्ख्या विभागाचं एक मॉडेल करावं आणि प्रत्येक नवी इमारत त्यातच बसवून पाहावी. हिवाळ्यातली पडलेल्या वाऱ्याची पहाट त्यात असलीच पाहिजे. आजूबाजूच्या घरांवर काय परिणाम होईल ते वेगळं आणि ठळक लिहावं. आणि इमारत उभी राहिल्यावर त्याच जागी मोजून मॉडेल किती चुकलं ते जाहीर करावं.

मामा : या पाचही अटी मला मान्य. सहावी माझी. मॉडेलच्या आधारे नियम कडक करता येईल, सैल करता येणार नाही. इमारतीभोवती मोकळं सोडायचं किमान सामासिक अंतर म्हणजे किमान. मॉडेलने सांगितलं की इथे तेवढं पुरत नाही, तर वाढवा. मॉडेल म्हणालं की कमी चालेल, तर ऐकायचं नाही.

भाची : इथे मी पूर्ण सहमत नाही. कधी कधी इमारतींची उंची पायरीपायरीने ठेवली, वाऱ्याच्या वाटेवर एक मजला मोकळा सोडला, तर एका ठिकाणचं अंतर थोडं कमी असूनही सगळ्या वस्तीला जास्त हवा मिळते. सरसकट नियम अशा चांगल्या आराखड्यालाही अडवतो.

मामा : अडवू दे. जो घर विकत घेतो, तो दहा घरं बघून घेतो. हवा नसेल तर घेत नाही. पुनर्वसनात ज्याला चिठ्ठी टाकून घर मिळतं, त्याला निवड नसते. मजलाही दुसराच कोणी ठरवतो. प्रयोग करायचा तर तो निवड असलेल्यांच्या वस्तीत कर. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांच्या खिडकीवर नको.

भाची : पुनर्वसनापुरतं हे मला मान्य आहे. बाकीच्या ठिकाणी मी भांडत राहीन.

हा वाद इथे मिटत नाही आणि घाईने मिटवूही नये. पण दोघांचं जिथे एकमत झालं, तेवढ्यावर काम सुरू करायला काहीच हरकत नाही. आज मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत जुन्या वसाहती पाडून त्यांच्या जागी कितीतरी पट उंच इमारती उभ्या राहत आहेत. एकदा उभी राहिलेली इमारत दोन-तीन पिढ्या वाऱ्याची वाट अडवून उभी असते. आवश्यक सॉफ्टवेअर मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे, ते वापरू शकणारे अभियंते आपल्याच संस्थांतून तयार होतात आणि हिशेबाची पद्धत जगभर तपासून झाली आहे. महापालिकांनी विकास आराखड्याबरोबर वाऱ्याचा आराखडा करावा, तो लोकांसमोर खुला ठेवावा, हरकती मागवाव्यात आणि त्यांना उत्तरं द्यावीत. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत दिली जाणारी सवलत आजच थांबवावी. त्यासाठी मॉडेलचीही वाट पाहण्याची गरज नाही. जमिनीचा तुकडा कोणाच्या तरी नावावर असतो, त्यावरून वाहणारा वारा कोणाच्याच नावावर नसतो. म्हणून त्याची वाटणी कशी होते हे जाणून घेण्याचा हक्क प्रत्येक रहिवाशाला आहे, आणि ती वाटणी बांधकामाआधी दाखवणं हे शहर चालवणाऱ्यांचं कर्तव्य आहे.